चंद्राचा लिलाव

डब्याचं झाकण टणकन फरशीवर पडलं आणि पहाटेची शांतता मोडली. मार्थाने दचकून मागे पाहिलं. सहा वर्षांची एस्तेर गोधडीत उठून बसली होती.

"काय शोधतेस गं आई?"

"चर्चमध्ये न्यायला काहीतरी."

आज सुगीचा सण. प्रत्येक घरातून शेतातलं, परसातलं काही ना काही वेदीपाशी ठेवायचं, आणि मिस्सेची प्रार्थना झाली की अंगणात त्याचा लिलाव. मार्थाने जपलेली एकुलती एक पपई रात्री वटवाघळांनी फोडली होती. नवरा इगतपुरीहून पगार घेऊन अजून यायचा होता. रिकाम्या हातांनी गेलं तर देव काही म्हणत नाही, पण शेजारच्या कुसाबाई म्हणतात.

लेकीचे केस विंचरायला ती फणी घेऊन वळली, तोवर एस्तेरने जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर ओल्या हळदीने वाटोळा चंद्र काढला होता.

"हा देऊ आपण देवाला."

मार्थाला नाही म्हणवेना.

मिस्सेनंतर लिलाव पुकारणाऱ्या बुधाकाकांनी भोपळे, कोंबडे, मेथीच्या जुड्या विकल्या. मग तो कागद उंच धरला.

"आणि हा आपल्या एस्तेरचा चंद्र! बोला!"

"तिथं अमेरिकेने झेंडा रोवलाय की!" कोणीतरी ओरडलं.

"रोवलाय, पण पैसे कुठं भरलेत?" बुधाकाका म्हणाले.

सगळं अंगण हसलं. मार्थाने पदर तोंडाला लावला. बोली चढत गेली आणि निफाडचे द्राक्षबागाईतदार मोतीरामभाऊ यांनी चंद्र घेतला. टाळ्या पडल्या.

"पोरीने राखली हो आईची लाज," कुसाबाई म्हणाल्या.

एस्तेर मात्र मोतीरामभाऊंपुढे जाऊन उभी राहिली.

"आता तो तुमच्याच मळ्यावर उगवणार?"

त्यांचं हसू ओसरलं. ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"नाही गं माय. घे, तुझा तुला."

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "माझा नाहीये. फादर म्हणाले."

गेल्या रविवारी फादरांनी सांगितलं होतं खरं: मोठे देश चंद्राच्या मालकीवरून बोलणी करताहेत, पण उद्या तिथली माती खणली, तिच्यात सोनं निघालं, तरी ते देवाने सगळ्या लेकरांसाठी ठेवलंय, आधी गरिबांसाठी. मोतीरामभाऊंनी फादरांकडे पाहिलं. फादर एकाएकी मेथीची सुटलेली जुडी बांधण्यात गुंतले.

शेवटी कागद मार्थाने घेतला आणि लेकीला जवळ ओढलं. पोरीचा चेहरा एवढासा झाला होता. तिने आईचा पदर धरून तिला खाली वाकवलं आणि कानाशी हळूच विचारलं,

"आई, सगळ्यांचा होता तो, आणि मी एकटीनेच देऊन टाकला. देवाला दिलं तरी ती चोरीच असते का गं?"