नलूचे दोन चमचे

सेलूहून हिंगणीला जाताना निम्म्या वाटेवर मागचं चाक बसलं. आधी वाटलं, माझ्याच पायांतलं बळ गेलं. मग रिम डांबरावर खडखडली आणि मी उतरलो.

या प्रसंगाची मी तीन आठवडे तयारी केली होती. त्याआधी महिन्याभरात दोनदा सायकल अशीच बसली होती आणि दोन्ही वेळा मी रस्त्याकडेला उभं राहून जावयाला, रजतला, फोन केला होता. बिचारा काम सोडून मालवाहू ऑटो घेऊन आला. काही बोलला नाही. बोलली माझी मुलगी, सुरभी.

"बाबा, बाहत्तर वर्षांचे झाले तुम्ही. तिसऱ्यांदा कोणाले पाठवावं लागलं, त सायकल देऊन टाकू. कबूल?"

मी कबूल म्हणालो. मला वाद घालता येत नाही. छत्तीस वर्षं गावच्या ग्रंथालयात काढली, पण पुस्तक उशिरा आणणाऱ्यालाही कधी काही बोलू शकलो नाही.

सायकल गेली तर नेमकं काय अडेल, हे सुरभीला पटेल असं मला सांगता आलं नसतं. बाजार घरामागेच आहे. पण रविवारी सकाळी हिंगणीपर्यंत जाऊन चहा पिऊन यायचं, हे माझी बायको नलू होती तेव्हापासूनचं. ती पुढे, मी मागे. चढावर ती थांबायची आणि मी पोचलो की लगेच निघायची, त्यामुळे मला विश्रांती कधी मिळालीच नाही. तिला जाऊन चार वर्षं झाली. मी अजूनही त्या चढावर थांबत नाही.

नलूच्या वडिलांचं जाम गावी, हायवेच्या फाट्यावर, सायकलचं दुकान होतं. लग्नाआधी ती तिथं बसायची. वाटेत पंक्चर झाली की ती सायकल उलटी करायची, पदर सावरून चाकाशी बसायची आणि म्हणायची, "तुमी वाचा. मी पाहतो." आणि मी खरंच पिशवीतलं पुस्तक काढून वाचत बसायचो. जवळजवळ चाळीस वर्षं. पान उलटताना नजर वर जायची, तेवढंच मी तिचं काम पाहिलं.

तिचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा मी बरोबर आणला होता. त्यात टायर उचकायला दांडे वाकवलेले दोन स्टीलचे चमचे, कानशीचा तुकडा आणि जुन्या ट्यूबची दोन गोल ठिगळं होती. ठिगळं तिनं कापलेली, कडेला निमुळती होत गेलेली. मीही घरी कापून पाहिली होती. ती गोल तर झाली नाहीतच, धड चौकोनीही झाली नाहीत. सोल्युशनची नळी तेवढी नवी. पंप सायकलच्या दांडीला होताच. शिवाय माझी वही. सुरभीच्या फोनवर व्हिडिओ पाहून मी तीत अकरा पायऱ्या लिहून काढल्या होत्या.

बाभळीपासून जरा दूर, तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वर्तमानपत्र पसरलं. सगळं ओळीनं मांडलं आणि वही उघडली.

"काऊन जी काकाजी, दुकान मांडलं का इथं?"

मागे आठ-दहा बकऱ्या आणि त्यांच्यामागे एक साठीची बाई.

"पंक्चर झाली," मी म्हणालो.

"मंग हिंगणीत दुकान हाय ना. लोटत नेली असती त आतापर्यंत चहा पेत बसले असते."

"मला स्वतः काढायची आहे."

"कोनासंग पैज लावली का?"

"मुलीशी."

"मंग हरा ना! पोरीसंग हरलं त काय बिघडते?" असं म्हणून ती बांधावर बसली. मला कोणी पाहत असलं की हात चालत नाहीत, पण तिला जा म्हणणं मला जमणार नव्हतं.

चमच्यांनी टायरची कड उचकली. ट्यूब ओढून काढली, हवा भरली, बाटलीतलं पाणी लावलं. बुडबुडे आले. भोक सापडल्याचा मला इतका आनंद झाला की मी ते बाईंनाही दाखवलं. कानस घासली, सोल्युशन लावलं, वाळू दिलं, ठिगळ दाबलं. सातवी पायरी होती, 'टायर आतून नीट पाहावा.' मी चष्मा पुसून नीट पाहिला. काही दिसलं नाही. ट्यूब बसवली, पंप मारला.

चाक टणक झालं. मी सामान आवरलं, डब्याचं झाकण लावलं, आणि वळून पाहतो तर चाक पुन्हा बसत होतं.

ट्यूब परत काढली. ठिगळ शाबूत होतं. त्याच्या बोटभर शेजारी नवं भोक. आता डब्यात एकच ठिगळ, आणि भोक कशानं पडलं हे मला माहीत नाही. हात आपोआप खिशातल्या फोनकडे गेला. रजत अर्ध्या तासात आला असता. सायकल ऑटोत चढली असती ती शेवटची.

बकऱ्या तुरीत शिरत होत्या. बाई त्यांना हाकलायला उठली आणि दोन पावलांवर "आई गं" म्हणून थांबली. पायातली चप्पल काढली. चपलेकडे न पाहताच आतून अंगठा फिरवला, एका जागी थांबवला आणि खालून नखानं काटा उपसून फेकला. "बाभळीचा हाय," ती म्हणाली. "दिसत नाई मेला, टोचतेच नुसता."

मला नलूचा पदर आठवला. ठिगळ लावून झालं की ती पदराचं टोक बोटांना गुंडाळून टायरच्या आतून फिरवायची, डोळे भलतीकडेच. मी पानावरून वर पाहायचो तेव्हा हे दिसायचं. मला वाटायचं, धूळ पुसतेय. स्वच्छतेची आवड म्हणून मी तिचं कौतुकही केलं होतं एकदा. ती खूप हसली होती. का हसली, ते मी विचारलं नव्हतं.

रुमाल काढला आणि टायरच्या आतून फिरवला. एका जागी तो अडकला. बोट लावलं तर रक्ताचा थेंब आला.

"सापडला का?" बाईनं तुरीतून विचारलं.

"सापडला!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की बकऱ्या पळाल्या.

काटा उपसून फेकला आणि दुसरं ठिगळ घेतलं. सोल्युशन बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबलो. या वेळी वही उघडली नाही.

खरं तर तिथूनच घरी परतायला हवं होतं. पण मी हिंगणीला गेलो आणि चहा प्यालो. घरी पोचायला साडेअकरा झाले. सुरभी फाटकातच उभी होती.

"किती उशीर! रजतले पाठवतच होतो मी." तिनं माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं. "पंक्चर झाली?"

"हो."

"कोणी काढली?"

"मी. दोनदा."

तिचा विश्वास बसला नाही, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. तिनं वाकून मागचं चाक अंगठ्यानं दाबलं. मग पुन्हा, जोर लावून. चाक दबलं नाही. मग कॅरिअरवरचा डबा काढून उघडला.

"ठिगळं संपली आईची."

"हो."

"संध्याकाळी जुनी ट्यूब आणतो," ती डबा बगलेत धरून आत जात म्हणाली. "कात्री मी चालवतो. तुमच्यानं गोल होत नाई."