दिव्यावरचं पोतं

चोरी परवडली, पण स्कीच्या उतारावरचा दिवा झाकणाऱ्याला ऑस्ट्रियात कुठल्याच डोंगरावर माफी नाही. संध्याकाळी उतार बंद झाला की बर्फ सारखं करणारी गाडी वरच्या खांबाला पोलादी दोर बांधून उभ्या कड्यावर काम करते. अंधारात तो दोर दिसत नाही, आणि वेगात आलेल्या माणसाचे दोन तुकडे करतो. म्हणून उताराच्या माथ्यावरचा पिवळा दिवा लुकलुकतोय तोवर कुणी खाली उतरायचं नाही.

गाडी चालवायचा सेव्हेरीन. वरची खानावळ त्याच्या मेहुण्याची, व्हेन्डलची. दिवा लागायच्या आत गिऱ्हाइकं ग्लास अर्धे टाकून पळतात. ती निवांत बसून प्यावीत म्हणून हा पठ्ठ्या दिव्यावर बटाट्याचं पोतं टाकायचा. आणि सेव्हेरीनची मुलगी बुर्गी त्याच खानावळीत कामाला होती. काम संपलं की ती याच उतारावरून घरी यायची.

त्या संध्याकाळी पोतं दिसलं तसं सेव्हेरीनचं टाळकं सटकलं. ते ओरबाडून तो आत गेला आणि व्हेन्डलच्या तोंडावर फेकलं.

"तुझी सख्खी भाची उतरते इथून. काही लाज?"

"दाजी, तुम्ही बर्फ बघा, धंदा मी बघतो. कधी निघायचं ते बुर्गीला मी सांगत जाईन."

"काल सांगितलंस?"

व्हेन्डल हसला. हसायला नको होतं. सेव्हेरीनने त्याची मान धरून तोंड फळीवर आपटलं. नाकाचं हाड मोडलेलं साऱ्या खोलीला ऐकू आलं. व्हेन्डलने बाटली उचलून त्याच्या कानशिलावर फोडली. दोघं बाकांवरून लोळले, शेवटी गिऱ्हाइकांनी सेव्हेरीनला उचलून बर्फात भिरकावलं. बुर्गी स्वयंपाकघराच्या दारात रडत उभी होती.

रक्त थुंकत तो गाडीत बसला. दोर ताणून कड्याच्या मध्यावर आला, वर पाहतो तर दिवा पुन्हा काळा. मेल्याने परत झाकला होता. तेवढ्यात वरून कपाळावरच्या बॅटरीचा एक ठिपका सुटला, थेट दोराच्या रोखाने. दिवा विझला म्हणजे दोर सोडला, हे बुर्गीला लहानपणी त्यानेच शिकवलं होतं. त्याने भोंगा वाजवला. ठिपका थांबेना.

सेव्हेरीनने दोर सोडायच्या बटणावर मूठ हाणली. दोर सैल होऊन बर्फावर पडला आणि गाडी कोलांट्या खात खालच्या खडकावर आदळली. पत्र्यात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला. तो गुरासारखा ओरडला.

ठिपका जवळ आला. नाकातून रक्त गळणारा व्हेन्डल होता, हातात फावडं. उरलेलं भांडण पुरं करायला आला होता. पिसाळलेल्या माणसाला आपणच झाकलेला दिवा कुठला आठवतोय.

"बुर्गी कुठंय?" सेव्हेरीनने विचारलं.

"वर. भांडी घासतेय."

"मला वाटलं, तीच. तू आहेस हे कळतं तर दोर तसाच ठेवला असता."

 व्हेन्डलने फावडं गाडीच्या दाराच्या फटीत घातलं आणि पायावरचा पत्रा उचकटायला लागला.