रुग्णाच्या भाषेत

त्याने तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि मगच ते म्हाताऱ्याच्या पोटावर ठेवले. हात गार असला की माणूस पोट आवळून घेतो, मग आतलं काही लागत नाही, हे तो घरूनच शिकून आला होता. बाबा तिकडे महाराष्ट्रात सगळा जन्म एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते.

"आजोबा, दुखते कुठे? कधीपासून दुखला?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत हसू चमकलं. या परदेशी पोराने त्याच्या भाषेचं पार भरीत करून टाकलं होतं. पण म्हाताऱ्याने ते मनावर घेतलं नाही. वरच्या पोटावर बोट टेकवून, लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला,

"इथे. जेवलं की दुखतं. आता तर जेवणच जात नाही. अल्सर आहे. बरा झालो की दुकान उघडायचंय. लोकांच्या सायकली तशाच पडल्यात."

खाटेच्या पायथ्याशी परीक्षक उभे होते. ते दुसऱ्या कॉलेजातून आले होते, चेहऱ्यावर रागही नव्हता आणि लोभही नव्हता. परदेशातून शिकायला आलेल्या प्रत्येकाला ही परीक्षा द्यावीच लागे: रुग्णाला त्याच्या भाषेत प्रश्न विचारायचे, तपासायचं आणि त्याच भाषेत रोग सांगायचा. लेखी पेपरांत तो नेहमी वरच्या मुलांत असे. या परीक्षेने मात्र त्याला दोनदा तोंडघशी पाडलं होतं. या खेपेला जमलं नाही तर गाशा गुंडाळावा लागेल, असं त्याला ऑफिसात हसतमुखाने सांगितलं होतं. खोलीतला सोबती असाच गेला. जाताना पांघरूणसुद्धा नेलं नाही त्याने.

तेव्हापासून याच्या तोंडची चवच गेली होती. बसमध्ये, न्हाव्याच्या खुर्चीत, लिफ्टमध्ये तो ओठांतल्या ओठांत शब्द घोकायचा. शेजारचे लोक जरा सरकून उभे राहत. घरी यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. फोनवर तो आईला "सगळं मस्त चाललंय" एवढंच सांगे. तिकडे शेजारच्या काकू आपला गुडघा दुसऱ्या कुणाला दाखवायला तयार नव्हत्या. दुखेना का, आपला पोरगा येतोच आहे, म्हणायच्या.

त्याची बोटं सावकाश पुढे सरकली. बेंबीच्या वर काहीतरी टणक लागलं, कडा ओबडधोबड. अल्सर असा हाताला लागत नाही. त्याने म्हाताऱ्याला मान सैल सोडायला सांगितली आणि डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडामागे चाचपलं. हरभऱ्याएवढी कडक गाठ होती. म्हणजे रोग पोटातून वर चढला होता.

क्षणभर त्याला चक्क आनंद झाला. रोग कळला होता, आणि त्या रोगाचा इथल्या भाषेतला शब्दही त्याला येत होता. सकाळी आंघोळ करताना तोच घोकला होता.

त्याने मान वर केली. परीक्षकांच्या मागे म्हाताऱ्याची बायको टॉवेलची घडी घालत उभी होती. तिचे हात थांबले होते. ती त्याच्या बोटांकडे बघत होती, मग त्याच्या तोंडाकडे. तिने मान हलवली, अगदी थोडी. नको.

"सांग," परीक्षक म्हणाले. "काय झालंय यांना?"

त्याने खाटेची दांडी धरली.

"सर, आपण बाहेर बोलू?"

"बाहेर कशाला? इथेच सांगायचं. हीच तर परीक्षा आहे."

"इंग्रजी सांगतो?"

"त्यांच्या भाषेत."

"शब्द… येत नाही, सर."

"साधा शब्द आहे. रोज कानावर पडतो. नीट आठव."

त्याचा सदरा पाठीला चिकटला. बोलून टाकलं असतं तर एका शब्दाचं काम होतं. म्हातारीने टॉवेल छातीशी घट्ट धरला होता. परीक्षकांनी घड्याळात पाहिलं.

तेवढ्यात त्याच्या बाहीला खालून कुणीतरी ओढलं. म्हाताऱ्याने परीक्षकांची नजर चुकवून ओठ हलवले.

"अल्सर," तो कुजबुजला. "अल्सर म्हण, बाळा."

त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग परीक्षकांकडे.

"अल्सर," तो म्हणाला.

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. "मला वाटत होतं, तुझी अडचण फक्त भाषेची आहे," ते हळूच म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

व्हरांड्यात तो भिंतीला टेकून उभा राहिला. बाबांना काय सांगायचं, ते वाक्य जुळवायला त्याने सुरुवात केली. ते स्वतःच्या मराठीतही जुळेना. मागून चपलांचा आवाज आला. म्हातारी होती.

"तुला कळलं होतं," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली.

"मोठे डॉक्टर माझ्याशी नीट बोलत नाहीत. तू सांग. किती दिवस?"

"फार नाहीत, आजी. त्यांना घरी न्यायचं असेल, तर आताच न्या. दुकानात बसू दे थोडे दिवस. दुखलं तर औषध मिळेल, ते मागून घ्या."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की एकही शब्द अडला नव्हता. म्हातारीने हातातल्या टॉवेलची घडी पुन्हा नीट केली. मग जायला वळली आणि थांबली.

"पास झालास ना?"

"हो," तो म्हणाला. "झालो."

ती आत गेली. दार अर्धवट उघडं राहिलं.

"काय झालं पोराचं?" म्हाताऱ्याचा आवाज आला.

"पास झाला."

"होणारच," म्हातारा म्हणाला. हसताना त्याला ठसका लागला, तो ओसरेपर्यंत वेळ गेला. "उत्तर मीच तर सांगितलं त्याला."