असा इसम राहत नाही

योगिनीने मतदान कार्ड टेबलावर ठेवलं, त्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं प्रमाणपत्र ठेवलं आणि ते उडू नये म्हणून वर तळहात दाबून उभी राहिली. शाळेच्या वर्गातला पंखा फार जोरात होता.

"मतदार यादीतल्या दुरुस्तीचा अर्ज महिन्यापूर्वी दिला होता. नाव आणि लिंग, दोन्ही. आज शेवटचा दिवस, म्हणून विचारायला आले."

टेबलामागच्या सोमनाथ साहेबांनी कार्डावरचा मिसरूड फुटलेल्या मुलाचा फोटो पाहिला. मग तिच्याकडे. पुन्हा फोटो.

"काय म्हणू तुम्हाला? दादा की ताई?"

मागे रांगेत कुणीतरी हसलं.

"प्रमाणपत्रावर लिहिलंय, साहेब. वाचून बघा."

साहेबांनी ते वाचलं नाही. यादीवरून बोट खाली नेलं आणि थांबवलं.

"अमोल निवृत्ती सोनवणे. नाव वगळलंय. दिलेल्या पत्त्यावर असा इसम राहत नाही. पंचनामा झालाय."

शेजारी बसलेल्या अंगणवाडीच्या प्रतिभा मॅडम खाली बघत म्हणाल्या, "मी तीन घरांत विचारलं हो. सगळे म्हणाले, अमोल नावाचं कोणी नाही गल्लीत."

"अर्ज योगिनीचा होता. तुम्ही अमोलला शोधत फिरलात."

"यादीत असेल तेच नाव विचारायचं असतं आम्ही."

देवळाली कॅम्पातल्या दुकानात योगिनी दिवसभर जवानांच्या गणवेशांवर नावाच्या पट्ट्या शिवते. एखादं अक्षर चुकलं तर दहा मिनिटांत उसवून पुन्हा शिवून देते. स्वतःच्या नावाला चार वर्षं लागली होती. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, आधार. गोठ्यातल्या गाईला नाव ठेवायला कुणाची सही लागत नाही, तिला सगळ्यांची लागली. मागच्या निवडणुकीत पुरुषांच्या रांगेने तिला ढकललं, बायकांच्या रांगेतून पोलिसाने काढलं. दुपारभर फाटकाबाहेर उभी राहून ती मत न देताच घरी आली होती.

"मग आता काय करायचं?"

"पंचांनी येऊन लिहून दिलं, की आधीचं सांगणं चुकलं, तर आज बघू. नाहीतर मग पुढच्या वेळी."

पंचनाम्याखाली दोन अंगठे होते. पहिला समोरच्या घरातल्या अंबूबाईंचा. सात वर्षं दोघी एकाच नळावर पाणी भरत होत्या. योगिनी सोडून दुसऱ्या नावाने त्यांनी तिला कधी हाक मारली नव्हती.

"त्यांना ते जुनं नाव ठाऊकच नाही," योगिनी म्हणाली. "त्यांचं काय चुकलं?"

तरी ती गेली, आणि अर्ध्या तासात अंबूबाईंना रिक्षातून घेऊन आली. साहेबांनी कार्ड पुढे केलं.

"आजी, ह्याला ओळखता?"

अंबूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"वळखते की."

योगिनीने वळून पाहिलं.

"मग त्या दिवशी मला 'नाही' असं का म्हणालात?" प्रतिभा मॅडमनी विचारलं.

"कोनी बी वही घिऊन यील अन् त्या नावानं इचारील, तर मी दार दावू का? मला वाटलं, सटान्याची तिच्या घरची मानसं आली तिला वढून न्यायाला."

"मावशी, तुम्हाला कसं ठाऊक हे नाव?"

"निमोनिया झाला तवा दवाखान्यात कोनी नेलं तुला? केसपेपर ह्याच कार्डावर काढला. वॉर्डात दवाखान्याचा मानूस त्या नावानं बोंबलत व्हता. तू तापात. मंग मीच म्हनले, हाय हाय, हिकडं हाय."

"तीन वर्षं झाली त्याला. कधी बोलला नाहीत."

"बोलायचं काय त्यात?"

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे पंचनाम्यात खोटं सांगितलंत तुम्ही. गुन्हा आहे हा, आजी."

"व्हय. बोलले खोटं. लिवा तसं." अंबूबाईंचा आवाज जात्यावर बसल्यासारखा एका लयीत होता. "पन आदुगर पोरीचं लिवा. माझा गुन्हा उद्या लिवला तरी चालंल. तिचा आज शेवटचा दिस हाय म्हनं."

रांगेत आता कुणी हसत नव्हतं. अंबूबाईंनी शाईची डबी ओढली, डावा अंगठा त्यात दाबला आणि कागदाची वाट बघत तो तसाच हवेत धरला.

साहेब जागचे हलले नाहीत. प्रतिभा मॅडमनी हात लांब करून त्यांच्यासमोरचं पेन उचललं.