तांदळातलं नाव

मावशी गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी तासगावच्या घरी सोप्यात बसून बेदाणे निवडत होतो. काड्या एका बाजूला, काळे पडलेले दाणे दुसऱ्या बाजूला. गॅस सिलिंडरवाल्यानं दारातून विचारलं, "विजयमाला अमृत कोण?" मावशीनं आधी वळून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि मगच "मीच की" म्हणत उठली.

परत येऊन बसताना ती स्वतःशीच हसली. "ह्या नावानं हाक मारली की अजून वाटतंय, माझ्या मागं कोनतरी उभं हाय."

फोटो माझ्या आईचा. मी जेमतेम बोलायला लागले तेव्हा ती गेली. तिचं नाव विजयमाला. पुढच्या वर्षी बाबांनी मावशीशी लग्न केलं. आजी म्हणाली, घरात आहे तेच नाव राहू द्या, आणि बाबांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं पुन्हा 'विजयमाला' लिहिलं. मला सांगण्यात आलं, हिला मावशी म्हणायचं. ती माझ्या आईची बहीण नव्हती, पण 'आई' हा शब्द फोटोकडे गेलेला होता. दसऱ्याला नवं पातळ मावशी आधी त्या फोटोपुढे ठेवायची, मग नेसायची.

"तुझं माहेरचं नाव काय गं?" मी त्या दिवशी पहिल्यांदाच विचारलं.

"आता त्याचं काय लोनचं घालायचंय?"

तेवढ्यात मदन बेदाण्याच्या शेडवरून जेवायला आला. मदन तिचा मुलगा, माझा धाकटा भाऊ. बोलणं तिथंच राहिलं. संध्याकाळी मी सांगलीला निघाले, तेव्हा ती म्हणाली, "पोचलीस की सांग." घरी पोचल्यावर मी फोन केला. "मावशी, पोचले." "बरं," म्हणून तिनं ठेवला. इतकी वर्षं आम्ही हेच बोलत आलो होतो.

पहाटे मदनचा फोन आला. ती झोपेतच गेली होती.

आम्ही लिंगायत. आमच्यात पुरतात, बसवून, हातात इष्टलिंग देऊन. गावाबाहेरच्या रुद्रभूमीत बाबांच्या एका बाजूला माझ्या आईची समाधी होती, दुसऱ्या बाजूला मावशीला जागा मिळाली. महिना लोटल्यावर विट्याचे पाहुणे आम्हाला न कळवता परस्पर तिथं जाऊन हार घालून आले. घरी चहा घेताना म्हणाले, दगड चांगला बसवलाय. मदनला काही समजेना. जाऊन पाहतो तर हार आईच्या समाधीला, आणि मावशीच्या ढिगाऱ्यावर नुसतं गवत.

"आई असती तर हसली असती," तो मला म्हणाला. "म्हनली असती, हिथंबी थोरलीचाच मान."

मग त्यानं खरी अडचण सांगितली. दगड सांगायला गेल्यावर पाथरवटानं विचारलं होतं, तेच नाव, तोच नवरा, लोकांनी ओळखायचं कसं? खाली 'दुसरी' असं घालू का?

"दुसरी नको," मी म्हणाले.

"मग काय घालायचं, ताई? तिचं नाव मला तरी कुठं ठावं हाय?"

सगळ्या कागदांवर ती विजयमालाच होती. शाळेत तिला कुणी घातलंच नव्हतं. माहेरचे दोन्ही भाऊ वारलेले. तिच्या माहेराला मी कधी गेलेही नव्हते. रविवारी सकाळी मी विटा, मायणी करत वडूजला पोचले आणि तिथून पुढच्या गाडीनं तिच्या माहेरी. गावाला येरळा वळसा घालते. खाली आमच्या तालुक्यातून जाते तीच ही नदी, इथं मात्र नुसती वाळू दिसत होती.

घरात तिची भावजय होती, बनाबाई. पाणी देऊन माझ्यापुढे बसली.

"तू तिची कोन?"

मी म्हणाले, "तिच्या आधी जी होती ना, तिची मी."

"अस्सं." मी तिला मावशीचं माहेरचं नाव विचारलं. "नाव व्हय? मी ह्या घरात आले तवा त्या नांदाय गेल्या हुत्या. मी वन्सं म्हनायची. आमचं मालक आक्का म्हनायचं. नंदेचं नाव कोन घेतंय, बाई?"

"सासूबाई काय हाक मारायच्या?"

"पोरी म्हनायच्या. समद्यांस्नीच."

मी उठायला लागले, तशी तीच म्हणाली, "मामांजींची समाधी मातुर वन्संनी बांदली. दगड तासगावास्नं टेंपोत घालून आनला. मालक म्हनलं, लेकीनं कशाला? तर म्हनल्या, मी गप बसून जेवाय आले न्हाई. मिस्त्रीला बाजूला घिऊन काय लिवायचं ते सांगितलं. मला कुटं वाचाय येतंय?"

रुद्रभूमी ओढ्यापलीकडे होती. बोराटीतून वाट काढत गेलो. बरेच चौथरे खचलेले, काहींवरच्या पिंडी झिजून गुळगुळीत झालेल्या. मामांजींची, म्हणजे मावशीच्या वडिलांची, समाधी एका कडेला होती, समोर कान तुटलेला नंदी. दरवर्षी चुना मारून मारून दगडावरची अक्षरं बुजली होती. मी नखानं खरवडलं, बाटलीतलं पाणी ओतलं, मोबाईलचा उजेड तिरका धरला. 'लिं.' एवढंच लागलं, लिंगैक्य झालेल्यांच्या नावाआधी घालतात ते. पुढं नुसते खड्डे.

"झालं का तुजं?" बनाबाई म्हणाली. "सर बाजूला. आलोय तर पूजा करूया."

तिनं कनवटीची पुडी सोडली, विभूती पाण्यात कालवली आणि तीन बोटांनी दगडावर आडवी ओढली. पुन्हा ओढली. उन्हानं ती वाळत गेली तशी वरवरची राख पांढरी पडली आणि खोलातली ओल काळी राहिली. अक्षरं वर आली.

लिं. सातलिंग यांची समाधी. लेक सुगला हिने बांधली.

मी मोठ्यानं वाचलं.

"सुगला," बनाबाई म्हणाली. तिनं पदर तोंडाला लावला. "बगा की. इतकी वर्सं विभूती लावतीया मी तिला."

मी बाकीचा दगड पाहत होते. बापाच्या समाधीवर तिनं सासरचं नाव घातलं नव्हतं, आडनावही नाही. जी होती तेवढीच लिहून घेतली होती.

एसटीची वाट पाहताना मी मदनला फोन केला. नाव सांगितलं. त्यानं सावकाश एकदा म्हणून पाहिलं, "सुगला." मग विचारलं, "खाली काय घालायचं? मुलगा मदन यांनी बांधली?"

"मुलगा मदन," मी म्हणाले, "आणि लेक संयोगिता."

"मी तेच घालनार हुतो. तू म्हनायची वाट बघत हुतो."

तासगावला उतरले तेव्हा दिवस मावळायला आला होता. घरी न जाता मी आधी रुद्रभूमीत गेले. पाहुण्यांचा हार आईच्या समाधीवर वाळला होता, तो मी तसाच राहू दिला. तिच्यापुढे हात जोडले आणि बाबांना वळसा घालून पलीकडे गेले. बनाबाईनं पुडीत बांधून दिलेली विभूती होती. दगड अजून बसायचा होता, म्हणून मातीवरच तीन बोटं ओढली. गवत थोडं उपटलं. आसपास कुणी नव्हतं. कुणी असतं तरी चाललं असतं.

"आई," मी म्हणाले, "पोचले गं."