घोड्याचा मागचा पाय

मी लग्नाच्या निमंत्रणपत्रिका मांडणारा एक जुना प्रोग्रॅम बोलतोय. नाव सांगत नाही. माझ्या नावाचे नवे भाऊबंद आता बाजारात आहेत आणि ते मला ओळख दाखवत नाहीत. माझा जन्म कुठल्या तरी लांबच्या कचेरीत झाला म्हणे. मला आठवतं ते अणदूर. तिथलं हायवेकडचं पत्र्याचं दुकान, आणि मला सीडीतून कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेणारे बलभीमआप्पा.

आप्पा मूळचे पाट्या रंगवणारे. ब्रश ठेवून त्यांनी माउस घेतला, तोही ब्रशसारखाच तीन बोटांत धरला. त्या हातानं त्यांनी माझ्यात खंडोबाचा घोडा काढला. वर देव, मागं म्हाळसा, खाली हवेत उचललेले पाय. थोरली लेक दीपमाला शेजारी बसून माउसची वायर धरायची. वायर टेबलाच्या फटीत अडकली, की देवाची मिशी कानापर्यंत जायची.

पुढं आसपासच्या गावांतली किती लग्नं माझ्यातून गेली. पत्रिका तपासायला आलेली माणसं नवरा-नवरीकडं बघतच नसत. आधी बघायचं, निमंत्रकांत आपलं नाव कुठं आहे. सकाळी थोरला चुलता यायचा, "माझ्या वर त्येचं नाव कसं?" आप्पा मुकाट्यानं नाव सरकवायचे. दुपारी धाकटा यायचा. नाव परत खाली. मी दोघांचंही ऐकलं. मला तेवढंच येतं.

मग आप्पांच्या हाताला कंप सुटला. थोड्या दिवसांनी मशीनही बसलं. त्याआधी मी मांडलेली शेवटची पत्रिका दीपमालाची. तिला उमरग्यात दिली. नवऱ्याचं, इंद्रजितचं, हायवेला लागून बॅनर छापायचं दुकान, मागं घर. सासरी येताना तिनं बंद मशीनमधल्या फाइली पेनड्राइव्हवर वाचवून आणल्या, आणि माझी सीडी, सोबत जुनं मशीन चालू करायची आप्पांची दुसरी चकती, साड्यांच्या घडीत ठेवली.

सासूबाईंनी, कमलबाईंनी, बॅग लावताना विचारलं, "ह्या चकत्या कशाच्या गं? पिच्चरच्या व्हय?"

"आप्पांच्या आहेत, आत्या."

दीपमाला एवढंच बोलते. बाकीचं मनात ठेवते, घडीत ठेवल्यासारखं.

त्या कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात मी पडून होतो. मला त्या तीन बोटांची आठवण यायची. दीपमालालाही येत असावी. साडी काढताना तिचा हात माझ्यावर जरा जास्त वेळ थांबायचा.

कारण आप्पा उमरग्याला येतच नव्हते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. पाणी नाही म्हटल्यावर जायचं तरी कशाला, हा आप्पांचा हिशोब. अणदूरचा खंडोबा स्वतः वर्षातले काही महिने नळदुर्गला जाऊन राहतो. देवाला दोन गावं चालतात, बापाला लेकीच्या दारातली बाज चालत नाही.

एवढ्यात दीपमालाच्या धाकट्या बहिणीचं, शिवांजलीचं लग्न ठरलं. पत्रिका उमरग्यातच छापायची होती.

"वर खंडोबा पाहिजे ना?" इंद्रजित म्हणाला. "नेटवर हजार सापडतील."

"आमचा नाही सापडणार."

आप्पाही फोनवर इंद्रजितसारखंच म्हणाले, "कुठलाबी घोडा घाल माय. देव काय घोडा बघून येतुय व्हय?" पण बोलून झाल्यावर त्यांनी फोन ठेवला नाही. दोन्हीकडून नुसता हायवेचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं मला बाहेर काढलं.

नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायला तोंडच नव्हतं. तिनं समोरच्या दवाखान्यातून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला. मी आत गेलो आणि दारातच अडवला गेलो: हा प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही. तिनं जुन्या पद्धतीनं चालवून पाहिलं. मालकाच्या हक्कानं चालवून पाहिलं. एकदा माझी खिडकी क्षणभर उघडली आणि मिटली. नवीन घरात असं होतं. भांडण नसतं, कुणी वाईटही नसतं, फक्त तुमच्या सवयीची एकही वस्तू जागेवर नसते.

"अगं, किती झटशील?" इंद्रजित म्हणाला. "आजकाल असलं कुणी वापरतं का?"

"आप्पा वापरायचे."

गिऱ्हाईक नसलं की ती कानात हेडफोन घालून व्हिडिओ बघायची आणि परत मला लावायची. शेवटी तिला युक्ती सापडली. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा, जुना कॉम्प्युटर उभा करायचा. आतली घडी सगळी जुनी. तिनं आप्पांच्या दुसऱ्या चकतीवरून ती उभी केली, आणि तिथं मला उतरवलं. मला वाटलं, अणदूरच आलं. तोच निळा पडदा, तीच सावकाश चाल. फक्त पत्रा तापल्याचा वास नव्हता.

तिनं पेनड्राइव्हवरची फाइल उघडली. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले, कारण जुने फाँट हरवले होते. पण घोड्याला अक्षरं कशाला लागतात? तो आला. देव आला, म्हाळसा आली.

दीपमालानं पदर तोंडाला लावला. कमलबाई मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आगं, देव बघून रडतेत का? हात जोड." आणि स्वतःचेही डोळे पुसले.

संध्याकाळी तिनं आप्पांना व्हिडिओ कॉल लावला, मोबाइल माझ्यासमोर धरला. आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मागचा पाय चुकलाय."

"कुठं चुकलाय, आप्पा?"

"गुडघा उलटा वळलाय. कसा दिसला न्हाय तवा? नीट कर की गं तेवढा."

आता खरं सांगतो. तोवर तिनं घोडा माझ्यातून काढून इंद्रजितच्या नव्या प्रोग्रॅममध्ये नेलाही होता, तिथं तो झक्क बसला होता. पाय तिथं सहज वळला असता. इंद्रजित बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"मला नाही येत, आप्पा," ती म्हणाली. "तो जुन्यातच नीट होतो. आणि जुना इथंच आहे."

पलीकडं आप्पा खोकले. "मग यावं लागंल म्हणायचं."

ते एसटीनं आले. पायरीशीच चप्पल काढून, थेट दुकानात येऊन माझ्यासमोर बसले. काखेत पाण्याची बाटली. कमलबाई दारात आल्या.

"घोटभर च्या घ्या की, व्याही."

"न्हाय हो, रीत हाय आमची."

"ठावं हाय. म्हणून हायवेच्या हाटेलातनं मागवलाय. आमच्या घरचा थेंब न्हाय त्यात. घ्या."

आप्पांना हसू आलं. चहा घेतला, दोन्ही हातांनी, सांडत सांडत. दीपमाला पुढं झाली नाही. तिनं फक्त बशी जवळ सरकवली.

मग तीन बोटं माउसवर आली. नव्या माउसला वायर नव्हती, तरी दीपमालाचा हात टेबलापाशी होता. त्यांनी गुडघ्याची रेघ ओढली. रेघ थरथरत गेली. मोडली, परत ओढली. चूक पुसायला मला एकच पाऊल मागं जाता येतं, त्यामुळं आम्ही दोघं जपून चाललो होतो.

"सशाचा पाय झाला," आप्पा म्हणाले. "आज हात बसंना. परत यीन."

पत्रिका जुन्याच पायानं छापली गेली. वाटली गेली, शिवांजलीचं लग्न झालं, घोड्याचे गुडघे कुणी तपासले नाहीत. आप्पा अजून येतात. बाजाराला आलो होतो म्हणतात, खुर्ची ओढतात, रेघ ओढतात. हॉटेलवाला आता न सांगता चहा पाठवतो.

परवा मशीन जड झालं म्हणून इंद्रजित नको ते काढून टाकत होता. माझ्यापाशी आल्यावर त्यानं विचारलं, "हा ठेवायचा?"

"पाय राहिलाय ना अजून," दीपमाला म्हणाली. तो हसला आणि पुढं गेला.

तर माझं मागणं एवढंच. मला नवा करू नका, वेगवान करू नका. आणि खंडोबाराया, घोडा तुझा आहे, हे मला कळतं. पण अजून थोडे दिवस लंगडू दे त्याला.