धाकटीची फेरी

गल्लीत त्यांना सगळे पॉलिशकाका म्हणत आणि त्यात काही खोटं नव्हतं. माणूस घरात असो की शेडमध्ये, हातातलं फडकं काही सुटायचं नाही. घरामागच्या शेडमध्ये त्यांच्या तीन जुन्या मोटारी होत्या: मोठी, मधली आणि धाकटी. तिघींत धाकटीचे लाड जास्त. तिच्यात पाय ठेवायचा तर चपला दाराबाहेर काढायच्या, असा काकांचा कायदा होता. तसा तो मोडायची संधी कुणाला मिळालीच नाही, कारण काका कुणाला तिच्यात बसूच देत नसत.

काकूंनाही नाही. आता धाकटीच्या सीटा शिवल्या कुणी, तर काकूंनीच. बदामी कातडं, दुहेरी शिलाई; सुई बोटात शिरली की त्या धाकटीलाच चार शब्द सुनावायच्या. सीटा बसवायच्या दिवशीही बाईनं निमूटपणे चपला बाहेर काढल्या होत्या. उभा जन्म लोकांच्या गाड्यांच्या सीटा शिवण्यात गेला. गिऱ्हाईक यायचं, गाडी घेऊन जायचं, काकू दारातून बघायच्या. धाकटी तेवढी घरची. तिच्यात बसून, खिडकीची काच खाली करून एकदा गावाबाहेर जाऊन यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"रंगाचा शेवटचा हात होऊ दे, मग नेतो," काका म्हणायचे.

"तोवर माझाच रंग उडेल," काकू म्हणायच्या.

शेवटचा हात काही होईना. पावसाळा तोंडावर आला की काका तिघींना निजवायला घेत. चाकं काढून भिंतीला टांगायची, गाड्या लाकडी ठोकळ्यांवर चढवायच्या, टाक्या रिकाम्या करायच्या. धाकटीत उंदीर शिरू नयेत म्हणून तळाच्या सगळ्या भोकांना रबरी बुचं, दारांच्या कडांना ग्रीस आणि वरून चिकटपट्टी. यंदा तर तिचं इंजिनही दुरुस्तीसाठी काढून टेबलावर ठेवलं होतं.

नदी बांध ओलांडून गल्लीत शिरली ती सकाळी. काकू शेडमध्ये धावल्या, तर काका भिंतीवरून चाकं उतरवत होते. पाणी गुडघ्याला लागलं तरी एक चाक उराशी धरून उभेच. नटांचा डबा हातातून निसटून गेला. शेवटी काकूंनी मनगट धरलं आणि ओढतच जिन्यानं वर नेलं.

"लेकींसारखं जपलं," काका म्हणाले, "आणि पळायची वेळ आली तेव्हा त्यांचे पाय मीच काढून ठेवलेले."

काकूंनी टॉवेल आणून त्यांचं डोकं पुसलं.

वरच्या खिडकीतून शेड दिसत होती. मोठी आणि मधली इंजिनाच्या भारानं जागच्या जागी बुडाल्या. मग पाण्यानं शेडचं दार हळूच ढकललं आणि धाकटी बाहेर आली.

ती तरंगत होती. ना इंजिन, ना चाकं, आणि काकांची बुचं अशी घट्ट की आत थेंब जाईना. फिकट हिरवी, धुतलेली, कुणीही चालवत नसताना ती अंगणात वळली आणि त्यांच्या खिडकीखालून गेली. इतक्या जवळून, की काचेतून काकूंना आपलेच टाके दिसले. बेकरीच्या पाटीला तिनं हलकेच अंग घासलं, शाळेच्या फाटकापाशी जराशी रेंगाळली. गच्च्यांवरची माणसं बोलायची थांबली. अख्ख्या गल्लीला एकदम झोप लागावी आणि सगळ्यांना एकच स्वप्न पडावं, तसं झालं होतं. काकूंना खरं तर भीती वाटायला हवी होती. वाटला तो हेवा.

"बघा, माझ्याआधी निघाली फिरायला," त्या म्हणाल्या.

काकांच्या उजव्या पायानं फरशीवर ब्रेक दाबून धरला होता. कोपऱ्यावर धाकटी वळली आणि दिसेनाशी झाली.

पाणी ओसरल्यावर काकांनी शेडमधल्या दोघींची झाकणं उघडली. इंजिनांत गाळ भरून घट्ट बसला होता. "या गेल्या," एवढंच ते बोलले. त्या दिवशी त्यांच्या हातात फडकं नव्हतं.

मग पोस्टमन सांगत आला, की वीटभट्टीपलीकडच्या शेतात एक हिरवी गाडी येऊन बसलीय. दोघं चिखल तुडवत निघाले. वाटेत काकूंनी मनातल्या मनात तिला इंजिन बसवलं, चाकं लावली, रंगसुद्धा देऊन टाकला.

आडव्या झालेल्या सूर्यफुलांच्या मधोमध ती बसली होती. लांबून अगदी धडधाकट दिसत होती. काका वाकले, खाली हात घालून चाचपत राहिले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"मधोमध मोडलीय," ते म्हणाले. "ही आता चालायची नाही. आणि मी तुला एकदाही नेलं नाही."

काकूंनी नखानं चिकटपट्टी सोलली आणि दार ओढलं. आत सगळं कोरडं होतं. बदामी सीटांवर एक शिंतोडा नव्हता. नव्या कातड्याचा वास अजून तसाच होता.

काकू सवयीनं वाकल्या आणि चिखलानं जड झालेल्या चपला काढू लागल्या.

"राहू दे," काका म्हणाले. "तशीच बस."

त्या तशाच बसल्या. काका पलीकडची पट्टी सोलून चिखलाच्या पायांनी स्टिअरिंगमागे बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं. काकूंनी खिडकीची काच खाली केली.